नाव झाकलेलं फेफडं

लिंबाजीच्या तोंडाला लागू नये, हे शिरड शहापुरात लहान लेकरालाही ठाऊक आहे. माणूस वाईट नाही, पण जीभ अशी की बाभळीचा काटा परवडला. सत्तरेक मेंढरं, थोड्या शेळ्या, तीन कुत्री आणि एक बायको, एवढ्यांवर त्याचं राज्य. त्यातलं बायकोवरचं राज्य नुसतं म्हणायला हो! यशोदाबाई फार बोलायची नाही, पण तिनं एकदा डोळे वटारले की ह्या बहाद्दराची बोलती बंद.

लिंबाजीचा जन्म रानात, लग्न रानात, पोरगा हनुमान झाला तोही रानातच, बाभळीला लुगडं बांधून आडोसा केला होता तिथं. उन्हाळ्यात हळद निघाली की रानं मोकळी होतात आणि कुरुंद्याचे शेतकरी लिंबाजीला सांगावा धाडतात, मेंढरं बसवायला या म्हणून. म्हणजे रातच्याला कळप त्यांच्या रानात बसवायचा. लेंड्यांचं खत रानाला आणि ज्वारीचं पोतं मेंढपाळाला. असा हा जुना व्यवहार, त्यात कधी कागद लागला नाही. युसूफभाईचं रान त्यात पहिलं. युसूफभाई म्हणजे कुरुंद्यातला हळदीचा व्यापारी, गोड बोलण्यात त्याचा हात कुणी धरायचा नाही. त्याची थोरली पोरगी रुबीना लहानपणी कळप आला की शाळा बुडवून कोकरं मांडीवर घेऊन बसायची. पुढं ती शिकली, डॉक्टर झाली, आणि वसमतला दवाखाना टाकला. पण दवाखाना तरी कसला? गोळी नाही, औषध नाही, नुसतं एक्स-रे आणि सोनोग्राफी.

लिंबाजीला हे काही पटलं नव्हतं. "युसूफभाई, इतकी वर्सं शिकून पोरगी फोटो बघून राहिली? फोटो तर आमीबी बघतो!" असं त्यानं तोंडावर विचारलं होतं. युसूफभाई नुसता हसला. व्यापारी माणूस, ऐकून घ्यायची सवय.

मग मागच्या साली दिवाळी सरली आणि यशोदाबाईला खोकला लागला. आधी अडुळसा झाला, मग गावातल्या डॉक्टरची लाल बाटली झाली, मग दुसऱ्या डॉक्टरची पिवळी बाटली झाली. खोकला काही हटेना. अंगात बारीक ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, आणि पाच पावलं चालली की धाप. जी बाई एका काखेत कोकरू आणि दुसऱ्या काखेत नात घेऊन ओढा पार करायची, ती आता तव्यावरची भाकरी उलटताना थांबून श्वास घ्यायला लागली. तरी म्हणायची काय, तर "काय न्हाई व्हय, थंडीचं हाय." लिंबाजी चिडचिड करायचा, कुत्र्यावर ओरडायचा, हनुमानवर ओरडायचा. ज्याला भीती वाटते तो ओरडतो, दुसरं काय.

शेवटी युसूफभाईनंच दोघांना जीपमध्ये घातलं आणि लेकीच्या दवाखान्यात आणून सोडलं. रुबीनानं छातीचा फोटो काढला. लिंबाजी तिच्या खांद्यामागं उभा राहिला, आणि पडद्यावर जे उमटलं ते बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं. यशोदेच्या बरगड्या! टोपलीच्या कामट्या असाव्यात तशा एकाखाली एक. मधे काळीज. चाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिचं आतलं घर त्यानं पहिल्यांदा पाहिलं. हात आपोआप जोडले गेले. आणि मग उजव्या बाजूला, खाली, त्याला तो पांढरा गोळा दिसला. चांगला लिंबापेक्षा मोठा.

"हे काय हाय बेटा?"

रुबीनानं त्या गोळ्याभोवती बोट फिरवलं. म्हणाली, "मामा, ह्याला नांदेडला सीटी करावं लागतंय. काहीतरी हाय. काय हाय ते इथून सांगता येत न्हाई."

लिंबाजीला वाटलं होतं, फोटो वाचणारी पोरगी म्हणजे बघेल आणि सांगेल. तिला सांगता येत नाही म्हणजे मामला गहिरा आहे.

नांदेडचा दवाखाना मोठा होता. खिडकीतल्या पोरानं नाव विचारलं, गाव विचारलं, "काय करता?" विचारलं. लिंबाजी म्हणाला, "शेती."

आता ह्या 'शेती'बद्दल सांगायलाच पाहिजे. लिंबाजीकडं शेती म्हणजे माळावरचा एक तुकडा, त्यात कुसळंसुद्धा मन लावून उगवत नाहीत. पण मेंढरांची माणसं परक्या ठिकाणी सगळी शेतीच सांगतात. एकदा हनुमानच्या बाळंतीण बायकोला घेऊन ही मंडळी एका दवाखान्यात गेली होती, तिथं लिंबाजी मोठ्या ऐटीत म्हणाला होता, मेंढरं राखतो. तर शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला, आणि आतल्या माणसानं ह्यांना बाकावरून उठवून जिन्याखाली बसवलं. वास येतो म्हणे! त्या दिवसापासून लिंबाजी शेतकरी झाला. नातेवाइकांनाही त्यानं तंबी दिली, कुणी मेंढराचं नाव काढायचं न्हाई. नांदेडच्या खिडकीतल्या पोराचा ह्यात काही दोष नाही. त्यानं विचारलं, ह्यानं सांगितलं.

सीटीचं मशीन म्हणजे मोठं गोल कडं. यशोदाबाईला त्यातून आत-बाहेर नेली. नंतर तिथल्या डॉक्टरांनी लिंबाजीला बसवून नीट सांगितलं. माणूस भला होता. गोळा भरीव दिसतोय, आत पू धरल्यासारखंही आहे. वय बघता कॅन्सर नाकारता येत नाही. बाहेरून लांब सुई घालून गोळ्यातला बारीक तुकडा काढायचा, तो तपासायचा, मग कळेल. मंगळवारी या.

कॅन्सर म्हटल्यावर लिंबाजीच्या तोंडचं पाणी पळालं. बाहेर आल्यावर यशोदाबाईनं विचारलं, "काय म्हणले?" तो म्हणाला, "सुई टोचणार हायेत, बस." ती म्हणाली, "मग तोंड काहून पाडलंय? सुईला काय मी भेते?" आणि वर त्यालाच वाटेत चहा पाजला.

ते सगळे फोटो घेऊन लिंबाजी रविवारी वसमतला आला, एकटाच. रुबीनानं निरोप दिला होता, फोटो आणून दाखवा म्हणून. तिनं पडद्यावर ते लावले आणि कितीतरी वेळ बघत राहिली. वर नेले, खाली नेले. काकडीच्या चकत्या कराव्यात तशा यशोदेच्या छातीच्या चकत्या एकामागून एक सरकत होत्या. मधेच ती स्वतःशी म्हणाली, "ह्याची कड लई साफ हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे मामा, मला एकटीला सुधरंना. पण मी एकटी न्हाई." तिनं घड्याळाकडं पाहिलं. "आज आमच्या संघटनेची सभा हाय."

लिंबाजीला संघटना म्हणजे मोर्चा एवढंच ठाऊक. "काय मागून राहिले तुमी लोकं?"

रुबीना त्या काळजीतही हसली. तिनं त्याला समजावलं. फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांची अख्ख्या देशाची एक संघटना आहे. हजारोंनी सभासद. वसमतला ती एकटी, असे गावोगाव एकएकटे बसलेले कितीतरी. संघटना त्यांना शिकवते, मशीन कशी वापरायची, कुठल्या तपासणीत काय पाळायचं ह्याचे नियम घालून देते, सरकारदरबारी त्यांचं गाऱ्हाणं मांडते, वर्षाला मोठा मेळावा भरवते. आणि दर महिन्याला अशी सभा, घरबसल्या पडद्यावर. ज्याला जो फोटो अडला असेल त्यानं तो मांडायचा. देशातली जुनी जाणती माणसं तो बघतात आणि बोलतात. फुकट.

"फुकट?" लिंबाजीनं डोळे बारीक केले. फुकटात फक्त पाऊस पडतो, तोही हल्ली भरवशाचा नाही, असं त्याचं मत.

"व्हय मामा. आज तुमी त्यांचं बघा, उद्या ते तुमचं बघतील. एवढंच. तुमी घरी जा, मी सांगते सांजच्याला."

लिंबाजी कसला जातोय! "माझी बायको हाय त्या फोटोत," म्हणाला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. रुबीनानं खूप सांगून पाहिलं, शेवटी त्याच्याकडून कबूल करून घेतलं की आवाज काढायचा नाही, कॅमेऱ्यात यायचं नाही. मग तिनं फोटोंवरचं नाव झाकून टाकलं. यशोदाबाई हे नाव गेलं, गावही गेलं.

"नाव काहून झाकलं?"

"तिथं नाव न्हाई सांगायचं. ज्याचा फोटो, त्याची लाज राखायची."

आणि पडदा भरला. एका पडद्यावर एवढी माणसं मावतात हे लिंबाजीला माहीत नव्हतं. चौकोनाला चौकोन लागून. कुणी पगडीवाला सरदार, कुणी कपाळाला भस्म लावलेला, कुणी कॉलेजात जावी अशी पोरगी, एका बाईच्या मागं कुकरची शिट्टी वाजत होती. पूर्वेकडच्या डोंगरातला एक जण शाल पांघरून बसला होता. सगळे इंग्रजीत बोलत होते. रुबीनाची पाळी आली. तिचा आवाज आधी थोडा कापला, मग बराबर लागला. वय, खोकला, ताप, शेतकरी कुटुंबातली बाई, असं तिनं नांदेडच्या कागदावरून वाचून सांगितलं, आणि यशोदेची छाती त्या सगळ्यांसमोर उघडली.

लिंबाजीला एकदम शरम वाटली. आपली बायको, आणि एवढी परकी माणसं! त्यानं मान खाली घातली. पण पडद्यावर एवढी सामसूम झाली की त्यानं परत वर पाहिलं. कुणी हलत नव्हतं. कुकरवाल्या बाईनं चष्मा चढवला होता. सरदारजी पडद्याला नाक लावायचे बाकी होते. त्या सगळ्या डोळ्यांत दुसरं काहीच नव्हतं. एखादं मेंढरू कळपाबाहेर मान टाकून बसलं की लिंबाजी स्वतः त्याच्याकडं जसा बघायचा, तसेच ते बघत होते. ह्या बाईचं नाव त्यांना माहीत नाही, गाव माहीत नाही, जात माहीत नाही. आपल्याकडं तर पाण्याचा तांब्या पुढं करण्याआधी नाव विचारतात आणि आडनावावरून बाकीचं काढतात. आणि इथं, काय म्हणावं, नुसतं एक फेफडं मधे ठेवून सगळा देश बसला होता.

मग बोलणं सुरू झालं. एक म्हणाला ते रुबीनानं लिहून घेतलं. दुसऱ्यानं मान हलवली. तिसरीनं दोघांनाही खोडलं. चांगली जुंपली त्यांची! लिंबाजीला त्यातला एकच शब्द कळत होता, कॅन्सर, आणि तो पुन्हा पुन्हा येत होता.

तेव्हा एका कोपऱ्यातल्या चौकोनात हात वर झाला. म्हातारा माणूस, गळ्यात मफलर, दाढीचे खुंट पांढरे. कर्नूलकडचा, हे पुढं कळलं. त्याचा आवाज यायला लागला तेव्हा तो इंग्रजीत नव्हता बोलत. निजामाच्या मुलखातली ती जुनी बोली, जी लिंबाजीनं बाजारात आयुष्यभर ऐकली होती.

"डॉक्टरनी अम्मा," म्हातारा म्हणाला, "एक बात पूछूं? ये बाई के घर में मेंढे-बकऱ्यां हैं क्या? कुत्ता है क्या?"

रुबीनाचा चेहरा पांढराफटक पडला. आणि इकडं स्टुलावर लिंबाजी! आवाज काढायचा नाही, हे सगळं विसरून तो ताडकन उभा राहिला.

"हायेत! मेंढरं हायेत साहेब! सत्तर मेंढरं हायेत! कुत्री तीन हायेत!"

सगळे चौकोन दचकले. त्याच्या स्वतःच्या कानावर त्याचा आवाज पडला. आता पकडलो आपण, त्याला वाटलं. खोटं बोलून इलाज करून घेत होतो, आता हाकलतील, यशोदेला जिन्याखाली बसवतील.

"कौन बोल रहा है?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मरीज के घरवाले हैं, सर," रुबीना कसंबसं म्हणाली. "गलती मेरी है सर, मैंने किसान करके बताया."

"न्हाई, न्हाई! तिची न्हाई, माझी हाय!" लिंबाजी मधेच. "मीच शेती सांगितली. मेंढरं सांगायची शरम वाटली, साहेब."

म्हातारा रागावला नाही. त्यानं मफलर सारखा केला आणि एखाद्या ओट्यावर शेजारी बसून विचारावं तसं विचारलं, "कुत्ते को क्या खिलाते, भाई?"

"भाकर. आन मेंढरू कापलं, न्हाई तर मेलं, की आतलं सगळं त्याचं. राखणदार हाय ना, पहिला मान त्याचा."

म्हाताऱ्यानं चष्मा काढला. "सुई नक्को," तो म्हणाला. "बिल्कुल नक्को."

मग तो बाकीच्यांशी इंग्रजीत बोलला आणि एकेक मान हलायला लागली. ज्यांची आत्ताच जुंपली होती ते सगळे गप्प ऐकत होते. रुबीना हळू आवाजात लिंबाजीला सांगत गेली. मेंढराच्या फेफड्यात, कलेजीत पाण्याचे फुगे धरतात, ते कुत्रं खातं. कुत्र्याच्या पोटात त्याचे बारीक किडे होतात, त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेत, अंगावरच्या केसांत. तोच हात भाकरीला लागला की अंडं माणसाच्या पोटात, तिथून किडा रक्तातून कलेजीत नाही तर फेफड्यात जातो, आणि वर्षानुवर्षं तिथं फुगा वाढत राहतो. यशोदामामीचा फुगा आतून चिरलाय, त्यात पू धरलाय, म्हणून तो भरीव वाटला. बहुतेक कॅन्सर नाहीच. पण सुई घातली असती तर आतलं पाणी अंगात सांडलं असतं, आणि एखाद्या वेळी माणूस तिथल्या तिथं जातो.

"जातो?" लिंबाजीनं विचारलं.

"जातो, मामा."

त्यानंतर जे झालं ते लिंबाजी आजही सांगताना थांबतो. आणखी एक चौकोन उजळला, आणि त्यात नांदेडचे डॉक्टर! तेच, मंगळवारी सुई घालणारे. तेही ह्याच संघटनेचे, तेही गुपचूप बसून ऐकत होते. फोटो त्यांच्याच मशीनवरचे, ओळखायला नाव लागलं नाही. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "ही माझी पेशंट आहे. मला मेंढरांचं कळलं नव्हतं. मंगळवारची सुई मी रद्द करतो. सर, तुमचे आभार." एवढंच. ना हुज्जत, ना तोंड लपवणं. लिंबाजीनं आयुष्यात कितीतरी पंचायती पाहिल्या होत्या, पण चारचौघांत आपला निर्णय असा खाली ठेवणारा माणूस त्यानं पाहिला नव्हता.

पडदा विझला तरी तो उभाच होता. "पाचामुखी परमेश्वर म्हणत्यात," तो पुटपुटला, "आज बघितला."

रुबीना मात्र खुर्चीत डोकं धरून बसली होती. "मामा, तुमी शेती सांगितली नांदेडला. पण मला कुणी सांगायची काय गरज व्हती? मला तर माहीत होतं. भुऱ्या कुत्रं मामीच्या ताटातलं खातंय हे मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. रोजचं म्हणून ते मला दिसलंच न्हाई. काखेत कळसा आन गावाला वळसा!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

लिंबाजीला समजूत घालायची सवय नाही. तो म्हणाला, "रडून राहिली काहून? तूच मांडला ना फोटो? झाकून बसली असतीस तर?" आणि मग, "फोटो बघणं सोपं न्हाई बरं का. मी उगंच बोललो व्हतो तुझ्या बापाला."

पुढं रक्ताची तपासणी झाली, म्हाताऱ्याचं म्हणणं खरं ठरलं. संभाजीनगरला यशोदाबाईचं ऑपरेशन झालं. ऑपरेशनच्या खोलीबाहेर लिंबाजी रडला नाही, फक्त फेऱ्या मारून त्यानं हनुमानचं डोकं उठवलं. मग सर्जननं त्याला बोलावून स्टीलच्या भांड्यात ते दाखवलं. उकडलेल्या अंड्याच्या आतलं असतं तसं मऊ, पांढरं कातडं. लिंबाजीनं ते लगेच ओळखलं. हे तर त्यानं शंभरदा पाहिलेलं होतं, कापलेल्या मेंढराच्या फेफड्यात. आणि प्रत्येक वेळी स्वतःच्या हातानं काढून कुत्र्यापुढं टाकलं होतं.

"आपल्या हातानं," तो म्हणाला. "आपल्याच हातानं व्हय!" सर्जनला वाटलं, लिंबाजीला चक्कर येतेय. त्यानं त्याला बसवलं.

यशोदाबाई वाचली. मेंढरांच्या वाड्यावर परत आल्यावर तिला सगळं सांगितलं तेव्हा ती भुऱ्याकडं बघून म्हणाली, "मेल्या, जीव लावला तर जीवावरच उठलास व्हय!" भुऱ्यानं शेपटी हलवली. त्याला औषध पाजलं, इतर दोघांनाही पाजलं, आणि मेंढराचं आतलं आता खोल खड्ड्यात पुरायचं असं लिंबाजीनं आसपासच्या सगळ्या वाड्यांवर जाऊन सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, शिव्या देऊन बजावलं. लोकांनी ऐकलं. शिव्यांपुढं कोण बोलणार.

पण कर्नूलच्या म्हाताऱ्यानं त्या सभेत आणखी एक गोष्ट सांगून ठेवली होती, आणि रुबीना ती विसरली नव्हती. घरात एकाला असलं तर बाकीच्यांचंही बघा. लिंबाजी आज करतो, उद्या करतो म्हणत होता. मेंढरांची कातरणी होती, मग कुरुंद्याची रानं होती. शेवटी यशोदाबाईनं डोळे वटारले आणि सगळी वरात वसमतला आली.

आधी लिंबाजी टेबलावर झोपला. रुबीनानं पोटावर गार मलम लावून मशीन फिरवलं. काही नाही. हनुमान, काही नाही. त्याची बायको चांगुणा, काही नाही. जीव भांड्यात पडला. मग नात मोहिनी चढली, सहा वर्षांची, नुकतीच शाळेत जायला लागलेली. मलम लागलं तशी गुदगुल्या होऊन खिदळायला लागली. भुऱ्याच्या पोटाला डोकं टेकून झोपायची पोरगी ती.

रुबीनाचा हात थांबला. परत मागं आला. परत थांबला.

लिंबाजी पडद्याकडं बघत होता. करड्या रंगात एक काळा ठिपका, गोल, बोराएवढा. कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"मामा, ऐका," रुबीना भराभरा म्हणाली, "कलेजीत हाय, लहान हाय. लई लहान. ह्याला सुई न्हाई, ऑपरेशन न्हाई. गोळ्यांनी जातंय हे. वेळेत दिसलं, मामा. आणखी दहा वर्सांनी दिसलं असतं तर..." मोहिनी अजून खिदळत होती.

लिंबाजी खाली बसला, तिथंच फरशीवर. यशोदाबाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग तो म्हणाला, "बेटा, त्या कर्नूलवाल्या म्हाताऱ्याला फोन लागतो का?"

रुबीनाकडं नंबर होता. संघटनेत कुणालाही कुणाचा मिळतो. तिनं लावून दिला, दोन शब्दांत सगळं सांगितलं आणि फोन लिंबाजीच्या हातात दिला.

"बोलो भाई," तिकडून आवाज आला.

लिंबाजीनं बोलायला तोंड उघडलं. ज्याच्या जिभेला सगळं गाव भितं त्या माणसाला एक शब्द सापडेना. फक्त "नात..." एवढं म्हणाला आणि हमसून हमसून रडायला लागला.

"मालूम है," म्हातारा म्हणाला. "छोटा है, दवा से जाता. डरो नक्को. हमे सब बैठे हैं ना."

लिंबाजीला ते ऐकू आलं, पण थांबता येईना. फोन कानाला तसाच धरून तो रडत राहिला, आणि तिकडं कर्नूलला त्या म्हाताऱ्यानं त्याचं रडणं होईस्तोवर फोन ठेवला नाही.